पिवळ्या काचेबाबत

मी, खाली सही करणारी, वय एकोणऐंशी, शिक्षण चौथी, तीही अर्धी, काम रंगीत काचेच्या तुकड्यांची धार मारणे, आज हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहिते. डोकं जागेवर आहे. छाती नाही, पण कायद्याला छातीशी देणंघेणं नाही असं वकील म्हणाला. दबाव कोणाचा नाही. मुलाने आणून पाहिला, जमला नाही. आधीच्या मृत्युपत्रात घर मुलाला लिहिलं होतं, ते मृत्युपत्र रद्द समजावं.

१. बँकेत जे आहे त्यातून दवाखान्याचं आणि माझ्या शेवटच्या कामाचं भागवावं. उरलं तर नातीला. काच घासायचा माझा कुरुंदाचा दगड आणि घमेलं मात्र तिला देऊ नये. तिचे हात मऊ आहेत, तसेच राहू देत. दगड कारखान्यात ज्याला हवा त्याने न्यावा.

२. शिलाई मशीन सुनेला. पंधरा वर्षं तिने ते मागितलं नाही, नुसतं बघितलं. बघणं पुरे झालं.

३. मुकादमाने निरोपाला दिलेलं घड्याळ मोडीत घालावं. तो मला चारचौघांत ‘सोन्याचा अंगठा’ म्हणायचा. ते नाव खोटं होतं. कसं, ते पुढच्या कलमात आहे.

४. राहतं घर, दोन खोल्या आणि मोरी, माझ्या धाकट्या जावेला. मुलाला याचा वास लागला तेव्हा तो म्हणाला, “आई, काकू रस्त्यात दिसली की तू वाट बदलतेस, आणि घर तिला?” म्हणून कारण लिहिते. बाबा रे, नीट वाच.

कारखान्यात आम्ही दोघी जावा एका घमेल्याच्या दोन बाजूंना बसायचो. कापलेल्या काचेची कड पाण्यात दगडावर घासायची, मग तिच्यावरून कापसाचा बोळा फिरवायचा. एक तंतू अडकला तरी तुकडा परत दगडावर. लाल, निळा माझा. पिवळा, हिरवा धाकटीचा. मी बोळा वापरत नव्हते, नुसता अंगठा फिरवून सांगायचे. त्यावरूनच ते नाव. पण वीस वर्षं घासून त्या अंगठ्याची जाण गेली होती. गरम पातेल्याला टेकला तरी कळायचं नाही. हे मी कोणाला सांगितलं नाही. बोळा हातात घेतला असता तर सगळ्यांना कळलं असतं.

एका शाळेच्या नळामागच्या भिंतीवर रंगीत तुकडे बसवायचं काम होतं. एका दुपारी धाकटी दाढ काढायला गेली. तिचा राहिलेला पिवळा मी उरकला, अंगठ्यावर. महिन्याभराने त्या भिंतीवरून हात फिरवताना पिवळ्या तुकड्याने एका मुलीच्या दोन बोटांच्या शिरा तुटल्या. ती बोटं पुन्हा वळली नाहीत.

मुकादमाने आम्हाला समोर उभं केलं. “पिवळा कोणाचा?”

“माझाच. पण त्या दिवशी दुपारी मी नव्हते,” धाकटी म्हणाली. “विचारा ना जाऊबाईंना.”

मी म्हणाले, “पिवळा तिचाच असतो.”

शब्द न् शब्द खरा. नवऱ्याला जाऊन वर्ष झालं होतं, मुलगा दुसरीत होता. ही सबब नाही. त्याची वह्यापुस्तकं कशावर आली ते त्याला माहीत असावं.

तिला त्याच दिवशी काढलं. पुढे जन्मभर तिने इस्पितळाच्या चादरी धुतल्या. माझा दीर उठताबसता तिला “पोरीचा हात घालवलास” म्हणून ऐकवायचा. मी मात्र दुसऱ्या दिवसापासून बोळा वापरू लागले. लोकांना वाटलं, घाबरली बिचारी. या घराची वीट न् वीट त्या नोकरीवर आली.

आठ वर्षांपूर्वी दीर वारला तेव्हा मी भेटायला गेले होते. धाकटीने माझा हात धरला. म्हणाली, “जाऊबाई, असेल हो तो तुकडा माझाच. सकाळी घाईत राहिला असेल एखादा. उगाच तुमच्यावर राग धरला.”

मी म्हणाले, “जाऊ दे आता.”

पहिल्यांदा गप्प बसले ती पोटासाठी. या वेळी कशासाठी, ते मला सांगता येत नाही. तेव्हापासून ती बोलायला बघते आणि मी वाट बदलते.

५. मी गेल्यावर, मला घरातून हलवण्याआधी, मुलाने स्वतः धाकटीकडे जाऊन कलम चार वाचून दाखवावं. तिला कमी ऐकू येतं, तेव्हा मोठ्याने वाचावं. शेजारी ऐकतील, ऐकू देत. तिने दार लावलं तर बाहेरून वाचावं. घर नको म्हणाली तर वकील बघून घेईल, पण तो तुकडा आपला नव्हता हे ती स्वतःच्या तोंडाने म्हणेपर्यंत मुलाने तिथून हलू नये. मला तोवर ठेवावं. मला घाई नाही.

ती शिव्या देईल. “आई आजारी होती” वगैरे मधे बोलू नये. त्या शिव्या माझ्या मिळकतीत धराव्यात, आणि एकुलता वारस म्हणून मुलाने त्या पूर्ण घ्याव्यात.

हे सगळं मी दोन साक्षीदारांना वाचून दाखवलं आणि त्यांच्यादेखत सही केली. वाचताना नर्स रडली. तिला पाणी दिलं.

साक्षीदार १: खालच्या मजल्यावरचा शिंपी (सही)
साक्षीदार २: दवाखान्यातली नर्स (सही)

ठिकाण: राहतं घर, मागची खोली
दिनांक: १७ नोव्हेंबर

सही: धाकटीची थोरली जाऊ