पुण्याहून आलेली बाई

प्रिय गौरांग,

तुझे फोन येताहेत आणि मी उचलत नाहीये, म्हणून आधी एवढंच सांगते की मी ठणठणीत आहे. इंदुताईंनी तुला तसं कळवलंही असेल, मीच त्यांना सांगितलं होतं. पत्र लिहायला बसले, कारण फोनवर तू "आई, ऐक ना" म्हणतोस आणि मग माझं काही चालत नाही. नागपूरचं हे घर विकून कायमचं पुण्याला यायलाही मी तशीच हो म्हणून बसले. तेव्हापासून पाय एका जागी ठरत नाही. कपाट उघडते, चार साड्या काढते, परत ठेवते. दूध उतू जातं. गॅलरीत जाते, तिथे काय करायचं होतं ते आठवत नाही, आत येते. इंदुताईंचं घर आपल्या घराच्या अगदी खाली, त्या परवा जिन्यातून ओरडल्या, "काहून येरझाऱ्या घालून राहिली वं? माह्या डोक्यावर धपधप होऊन राहिलं ना!"

त्यांच्या डोक्याला जरा आराम म्हणून रविवारी सकाळी बाहेर पडले. पेपरात आलं होतं की विद्यापीठाचा जुना परिसर पर्यटकांना फिरवून दाखवणार आहेत. शंभरी ओलांडली ना आता त्याने. मला गंमत वाटली. जिथल्या परीक्षा विभागात मी अख्खी नोकरी केली, तिथे टोपी घालून, पाण्याची बाटली घेऊन, बघायला जायचं! तुझे बाबा असते तर त्यांनी मला आठवडाभर छळलं असतं. फाटकाशी एक वैदेही नावाची मुलगी उभी होती, फिरवून आणणारी. सगळ्यांना विचारत होती, कुठून आलात. एक जोडपं इंदूरचं होतं, दोघी बहिणी भिलाईच्या. माझी पाळी आली आणि तोंडातून निघून गेलं, "पुण्याहून."

आता हसू नकोस. मला वाटलं, पुढे हेच तर म्हणायचं आहे, आत्ताच सवय करून बघू. तू पाठवलेला पुण्यातल्या माझ्या खोलीचा फोटो डोळ्यांसमोर होता, निळे पडदे, खिडकीत अदितीनं ठेवलेली तुळस. म्हटलं, त्या खोलीतली बाई नागपूर बघायला आली आहे असं समजू. आणि खोटं कशाला बोलू, सुरुवातीला मला फार मजा आली. वैदेही म्हणाली, इथे भर एप्रिल-मेच्या उन्हात परीक्षा चालायच्या. मी तोंडाचा चंबू करून म्हटलं, अगं बाई, एवढ्या उन्हात? ते ऊन मी डोक्याला ओला पंचा बांधून काढलं आहे! दीक्षान्त सभागृहात शिरलो तेव्हा मात्र खरंच मान वर करून बघत राहिले. एवढ्या वर्षांत ते छत मी कधी नीट पाहिलं नव्हतं. आमचं येणं-जाणं बाजूच्या फाटकानं, सायकल स्टँडवरून सरळ टेबलाशी, आणि संध्याकाळी सरळ घरी. नोकरी करणाऱ्याला इमारत कुठे दिसते?

मग आम्ही मागच्या अंगाला आलो, कडुलिंबापाशी. वैदेही म्हणाली, "हे झाड पण बरंच जुनं आहे," आणि पुढे निघाली. बस, एवढंच! गौरांग, त्या झाडाखाली तू चालायला लागलास रे. निकालाचे दिवस असले की मला उशीर व्हायचा, बाबा तुला कडेवर घेऊन तिथे येऊन बसायचे. एका संध्याकाळी मी दारातून बाहेर आले आणि तू त्यांचं बोट सोडून डुलत डुलत माझ्याकडे आलास, मध्ये एकदा बुडावर आपटलास, परत उठलास. सगळं ऑफिस टाळ्या वाजवत होतं. हे सगळं माझ्या ओठांवर आलं आणि तिथेच अडकलं, कारण मी पुण्याची होते. पुण्याहून आलेल्या बाईचा त्या झाडाशी काय संबंध? ती मंडळी पुढे गेली, मीही त्यांच्या मागे गेले. मला इतकं वाईट वाटलं की वैदेही पुढे काय सांगत होती त्यातलं अक्षर माझ्या कानात शिरलं नाही.

शेवटी नाश्त्याला सगळ्यांना बाहेरच्या पोह्यांच्या गाडीवर नेलं. इंदूरवाले पोह्यांवरचा तो चण्याचा लालभडक रस्सा बघून बिचकले. आणि मी? मी प्लेट पुढे केली आणि म्हटलं, "चना कमी, तर्री जास्त, आणि वरून अजून एकदा घाल." तर्रीची पळी तशीच हातात धरून गाडीवाला माझ्याकडे बघत राहिला. वैदेही त्याला कौतुकानं सांगत होती की काकू पुण्याच्या आहेत. तो म्हणाला, "पुण्याच्या? पुण्याचे लोक पहिल्या घासाले पाणी मांगतेत, बाई. तुम्ही तर दुसऱ्यांदा तर्री मांगून राहिल्या!" सगळे हसले, मी पण हसले, आणि हसता हसता रडायला लागले. भर रस्त्यात, हातात प्लेट घेऊन. मग सांगून टाकलं सगळं, परीक्षा विभाग, बाबा, तू. भिलाईच्या बहिणींनी हट्टच धरला की ते झाड परत दाखवा. सगळे माघारी फिरलो. तू आपटलास ती जागा मी त्यांना बोटानं दाखवली. ती तीच होती की जरा इकडे तिकडे, कोण विचारतं!

घरी आले, पण येरझाऱ्या थांबल्या नाहीत. अदितीचे दिवस भरत आलेत, तिला माझी गरज आहे, तू किती प्रेमानं ती खोली लावली आहेस, हे सगळं मला दिसतं रे. आपल्यापाशी आई राहावी असं वाटणारा मुलगा मिळाला म्हणून मी मनातून मिरवते सुद्धा. पण इथलं घर गेलं की मी पुन्हा त्या कडुलिंबापाशी येईन ती दोन दिवसांची पाहुणी म्हणून, आणि एखादी वैदेही मला विचारेल कुठून आलात. ते उत्तर मी एकदा देऊन बघितलं. मला ते जमत नाही.

म्हणून आज सकाळी, घर घ्यायला तयार झालेले मनोहरराव आले, त्यांना चहा पाजला आणि घर विकायचं नाही म्हणून सांगितलं. तुला न विचारता सांगितलं, आणि तू मला थांबवू नयेस म्हणूनच फोन उचलला नाही. बाळंतपणाला मी येतेच आहे. डिंकाचे लाडू घेऊन येईन, बाळाला न्हाऊ घालीन, निळ्या पडद्यांच्या खोलीत झोपेन, अदिती म्हणेल तितके महिने राहीन. मला शनिवारवाडा दाखव, पर्वती दाखव, टोपी घालून फिरव. पाहुणी व्हायचं तर ते मला पुण्यात होऊ दे. चिडला असशील तर चीड, पण पत्र हातात पडलं की फोन कर, मी उचलीन. फक्त "आई, ऐक ना" म्हणू नकोस राजा, तेवढ्यानं मी अजूनही हो म्हणेन.

तुझीच, नागपूरची,
आई