जळत नाही, असा दाखला दिलेली पोती

महाड,
सोमवार, १४ जुलै

आदरणीय कुशाबामामा यांस,
अरविंदचा सविनय जयभीम. चंद्रभागामामींनाही सांगावा.

मामा, हातात पेटती बिडी असेल तर आधी ती विझवा. पागोळीखाली धरा, पाण्याच्या तांब्यात टाका, काय वाटेल ते करा, पण विझवा. आणि पडवीतल्या पोत्यांवर बसून हे वाचत असाल तर उठून ओटीवर या. आलात? आता रीतीप्रमाणे विचारतो. तुमचा गुडघा कसा आहे? मामींचा खोकला बसला का? इकडे मंजुळेची तब्येत उत्तम आहे. माझी बरी नाही, पण ती कधीच नसते (मंजुळा म्हणते, या माणसाला दोन दिवस सुखाचे गेले की तिसऱ्या दिवशी अजीर्ण होतं), तेव्हा माझी काळजी नसावी. काळजी करायचीच तर पोत्यांची करावी.

काल तुमच्याकडे आलो होतो ते हेच सांगायला. तोंडाने सांगता आलं नाही, म्हणून लिहितो. तुमच्या पडवीत कंपनीची जी सव्वाशे पोती आहेत, ती धोक्याची आहेत. 'धोकादायक नाही' असा जो दाखला त्यांच्यावर आहे तो चुकीचा आहे, आणि त्याखाली माझी सही आहे. आत जी मिठासारखी पांढरी पूड आहे तिला स्ट्रॉन्शियम नायट्रेट म्हणतात. दिवाळीत फुलबाजीला लाल उजेड येतो तो हिच्यामुळे. ही स्वतः जळत नाही. पण शेजारी काही जळायला लागलं तर त्याला भलताच जोर देते. भांडणात काही माणसं स्वतः हात उचलत नाहीत, कडेला उभं राहून नुसतं 'मार, मार' म्हणतात, तसला तिचा स्वभाव आहे. आणि मामा, तुमच्या पडवीत तिच्या शेजारी गेल्या साली रचलेला पेंढा आहे, लाकूडफाटा आहे आणि संध्याकाळचे तुम्ही आहात.

आता हे झालं कसं ते सांगतो. माझी नोकरी काय आहे हे तुम्ही गावात 'आमचा अरविंद केमिकल तपासतो' एवढंच सांगता, आणि ऐकणाऱ्याला मी कोणी मोठा माणूस वाटतो. खरं काम असं: आलेली पूड घ्यायची, तिच्यात सेल्युलोज नावाची मैद्यासारखी भुकटी मिसळायची (ती लाकडा-कापसाचीच असते, चांगली जळते), पंगतीत भाताची मूद पाडतात तसा त्याचा ढीग पाडायचा, खाली तारेचं वेटोळं ठेवायचं, विजेने ती तार लालभडक करायची आणि घड्याळ हातात घेऊन बघत उभं राहायचं. शेजारी एक ठरलेला नमुना-ढीग असतो, पोटॅशियम ब्रोमेटचा. आपला ढीग त्याच्याइतक्या किंवा त्याच्याहून कमी वेळात जळला तर पूड धोक्याची, नाहीतर नाही. अशा मुदा पाडण्यात माझी बावीस वर्षं गेली, आणि एकीवरही कधी वरण पडलं नाही.

यात दोन नियम आहेत. सेल्युलोज आधी ओव्हनमध्ये एकशेपाच अंशांवर चार तास सुकवायचं, हा एक. नमुन्याचा ढीग त्याच दिवशी, त्याच भुकटीचा करायचा, हा दुसरा. दुसरा नियम आम्ही फार पूर्वीच सोडला. मे महिन्यात एकदा नमुना जाळायचा आणि त्याचे सेकंद लोणच्यासारखे वर्षभर पुरवायचे, ही आमच्या लॅबची पद्धत (मे महिन्याचा आकडा एकशेचार सेकंद). पहिला नियम मात्र मी कसोशीने पाळत आलो. नाही म्हणजे, वहीत पाळत आलो. 'सेल्युलोज सुकवले, चार तास' हे मी सकाळी आल्या आल्या लिहून टाकतो, नंतर विसरायला नको म्हणून.

पण मामा, आषाढात महाडच्या माणसाला ओव्हन दिसला की तो काय करील? आमच्याकडे झाडलोट करणाऱ्या राहीबाईंकडे त्या ओव्हनचं वेळापत्रकच असतं. सोमवारी साहेबांच्या घरचे पापड, मंगळवारी दीक्षाच्या (दोन वर्षांपूर्वी लागलेली आमची नवी केमिस्ट, हुशार मुलगी) घरचं सादळलेलं तिखट, बुधवारी कोणाची शाळेची पायताणं. पावसाळ्यात त्या ओव्हनने सगळ्यांचे संसार सुकवलेत. तीन आठवड्यांपूर्वी मामींनी एसटीच्या कंडक्टरबरोबर सुकटीची पिशवी धाडली आणि निरोप दिला की सादळली आहे, तुझ्या भट्टीत जरा फिरव. मामींचा शब्द मी कसा मोडणार? आत जागा नव्हती. म्हणून सेल्युलोजचा ट्रे बाहेर काढून ओव्हनच्या डोक्यावर ठेवला, तिथेही ऊब लागतेच असं मनाशी म्हटलं, आणि चार तास सुकट सुकवली. सुकट कुरकुरीत झाली. सेल्युलोजने त्या चार तासांत महाडची सगळी हवा पिऊन घेतली. दुपारी मी त्याचीच मूद पाडली, तार लाल केली. ढीग थोडा धुमसला, तीन मिनिटं रडला आणि विझला. पाच वेळा करायचं असतं, पाचही वेळा विझला. तीन मिनिटं कुठे आणि मे महिन्याचे एकशेचार सेकंद कुठे! मी लिहिलं, 'धोकादायक नाही', आणि सही ठोकली.

इथवर झालं असतं तरी एक वेळ ठीक होतं. पण कंपनीचा माणूस दाखला घ्यायला आला आणि सहज म्हणाला की साध्या मालाला कुठेही ठेवलं तरी चालतं, फक्त कोरडी जागा मिळत नाही. तेव्हा तुमच्या पडवीचं नाव कोणी घेतलं? मीच. पत्रे नवे आहेत, ओल येत नाही, आमचे मामा कोर्टात पट्टेवाले होते, चावीच्या बाबतीत पक्के, असं सगळं मीच सांगितलं. कोणी विचारलं नव्हतं.

परवा शनिवारी दुसऱ्या एका पुडीसाठी तेच सेल्युलोज घ्यायला गेलो तर त्याचे गोळे झालेले. हातात घेऊन चुरले तर ओले लागले. ओव्हन मोकळा केला (साहेबांच्या घरच्या, कुलकर्णीवहिनींच्या कुरडया होत्या, टेबलावर काढल्या), भुकटी खरोखर चार तास सुकवली, तुमच्या पोत्यांचा राखून ठेवलेला नमुना काढला आणि दीक्षाला घड्याळ धरायला लावलं. मामा, एकाहत्तर सेकंद. लाल-गुलाबी जाळ झाला, सुरेख दिसला असं म्हणायला हवं. ब्रोमेटचा नमुना-ढीगही त्याच भुकटीचा केला, तो शंभर सेकंद जळला. म्हणजे तुमची पोती धोक्याच्या मालातल्या तिसऱ्या गटातली. तिसरा म्हणजे सर्वांत खालचा, पण म्हणून ती पोती काही पेंढ्याशेजारची नव्हेत. दीक्षा माझ्याकडे बघत राहिली. मग तिने दोन्ही आकडे वहीत शाईने लिहिले.

साहेबांकडे गेलो. साहेबांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, अरविंदराव, पावसाळ्यात ते जळलं नाही हे खरं आहे ना? मग दाखला खोटा कसा? (क्षणभर मलाही पटलं.) मग म्हणाले, सुधारित दाखला द्यायचा तर त्यात 'चुकीचे कारण' असा रकाना असतो, तिथे काय लिहिणार, सुकट? पुढच्या महिन्यात तपासणीवाले यायचेत. दिवाळीपर्यंत पोती निघून जातील, गप्प बसा. मी गप्प बसलो. मग काल रविवार म्हणून पहिली एसटी धरून पोलादपूरला आलो.

आणि काय बघितलं? तुम्ही तो दाखला महाडला जाऊन लॅमिनेशन करून आणलेला, आणि पडवीच्या खांबाला खिळ्याने लावलेला. पोत्यांवर घोंगडी टाकून बैठक केलेली, घरातली तेवढीच जागा कोरडी म्हणून. 'ये रे आर्विंदा, बस. आता आपन बी कंपनीवाले झालो,' असं म्हणून तुम्ही बिडी शिलगावलीत. मी बसलो. शेजारचे येसाजीकाका पेंढा मागायला आले आणि पोत्यांकडे बघून म्हणाले, 'कुशाबा, ह्ये पेटत-बिटत नाय ना?' तुम्ही बिडी धरलेल्या हातानेच खांबाकडे बोट केलंत. 'वाचता येतंय ना तुला? खाली सही बघ. भाचा हाय माझा.' येसाजीकाकांनी सही बघितली, मग मला बघितलं. आणि मी हसलो, मामा. लाज वाटते लिहायला, पण मी मान हलवून हसलो.

नंतर पेंढ्यात साप निघतील, तो अंगणात काढू, असं मी दोनदा म्हणालो. तुम्ही म्हणालात, पावसात पेंढा कोन बाहेर काढतो, शिकून येडा झालास काय? मग मामींनी जेवायला हाक मारली, त्याच सुकटीची चटणी आणि भाकरी. मी तीन भाकऱ्या खाल्ल्या. पोत्यांचं 'पो' सुद्धा तोंडातून निघालं नाही. निघताना एक पराक्रम तेवढा केला: तुमची काडेपेटी उचलून खिशात घातली. एसटीत बसल्यावर आठवलं की तुम्ही बिडी चुलीतल्या निखाऱ्यावर पेटवता.

तर मामा, आता मी ठरवलं आहे. उद्या सकाळी सुधारित दाखला साहेबांच्या टेबलावर ठेवणार, रकान्यात जे खरं ते लिहिणार, आणि माझं जे होईल ते होवो. तुम्ही तोवर पेंढा आणि लाकडं बाहेर काढा, भिजली तर भिजू द्या. पोत्यांपाशी विस्तव नेऊ नका आणि खांबावरचा तो कागद उतरवा. लहानपणी शाळेत माझं नाव तुम्ही घातलंत, तेव्हा माझ्याकडून कागदावर खोटं लिहून घ्यायची तुमची इच्छा नसणार, हे मला ठाऊक आहे. मामींना नमस्कार, तुमचा आशीर्वाद असावा.

आपला भाचा,
अरविंद

ता. क. (सोमवार, संध्याकाळी) वर 'ठरवलं आहे' असं मोठ्या अक्षरात लिहिलं खरं, पण सुधारित दाखला अजून खणातच आहे आणि उद्याही तिथेच राहील असं दिसतं. खरं मागणं वेगळंच आहे. तुम्हीच कंपनीला दोन ओळी लिहा ना, की पत्रे गळतात, मामींना वासाने डोकं दुखतं, पोती हलवा. मग पोतीही जातील आणि चुकीचं कारण कोणाला सांगावं लागणार नाही. पत्रे गळत नाहीत हे मला माहीत आहे. माझ्यासाठी एवढं खोटं लिहा.

ता. क. २ (मंगळवार) ते लिहू नका. आज सकाळी साहेबांना सहज विचारावं तसं विचारलं, की मामांनी पोती नको म्हटलं तर कुठे जातील? ते म्हणाले, कंपनीने जागा बघून ठेवली आहे, वरच्या वाडीतली बंद पडलेली शाळा. तिच्या पलीकडच्या खोलीत अंगणवाडी भरते, आणि तिथे रोज खिचडी शिजते. तुमच्या खांबावरचा दाखला मला त्या शाळेच्या भिंतीवर दिसायला लागला; फक्त तिथे त्याखालची सही बघायला येसाजीकाकांएवढं शहाणंही कोणी नसणार. मी खण उघडला. रकान्यात लिहिलं: ओव्हनमध्ये सुकट होती, सेल्युलोज ओलं होतं, नमुना मे महिन्याचा होता, चूक माझी. साहेबांसमोर ठेवलं आणि एक प्रत कंपनीला पाठवली. माझा सहीचा अधिकार दुपारी काढून घेतला, उद्यापासून दीक्षा सही करील. ती रडली, मी तिला म्हटलं, आधी ओव्हन उघडून बघत जा. कंपनीची गाडी उद्या दुपारी येऊन पोती धोक्याच्या मालाच्या गोदामात नेईल.

ता. क. ३ हे पोलादपूरच्या स्टँडवर बाकावर बसून लिहितो आहे, अक्षर वाकडं आलंय. पत्र कंडक्टरकडे द्यायचं ठरलं होतं, पण उद्या दुपारपर्यंत एक रात्र मध्ये आहे आणि तुमची बिडी आहे. म्हणून मीच आणलं. मामींच्या हातात देऊन बाहेर थांबणार, कारण समोर बसलो की पुन्हा भाकरी खाऊन परत जाईन. तुम्ही बोलाल ते सगळं ऐकून घेईन, पण पेंढा काढायला चार हात लागतील, त्यातले दोन आधी वापरून घ्या आणि मग बोला. वाचून झालं असेल तर मान वर करा, मामा. अंगणात उभा आहे तो मीच.