उरलेली अर्धी सिगारेट

ताई,

बाबांना घेऊन हॉस्पिटलमध्ये चाललोय. धाप थांबतच नाहीये आणि ओठ निळसर पडलेत. तुझा फोन लागत नाही. फाइल घेतली आहे, त्यांचा चष्मा तू आण.

काल तू विचारत होतीस, बाबांना संसर्ग नको म्हणून दूधवाल्यालाही आपण दारातूनच परत पाठवतो, मग त्यांना ताप आला कुठून. सिगारेट सोडली असं तुला सांगितलं होतं, पण मी फक्त विकत घेणं सोडलं होतं. वर्कशॉपमध्ये जेवणाच्या सुट्टीत आम्ही तिघं एकच सिगारेट आळीपाळीने ओढतो. त्यातला रंगारी आठवडाभर खोकत होता. माझं नुसत्या कणकणीवर निभावलं.

शनिवारी उरलेली अर्धी खिशात घालून घरी आणली. रविवारी तू बाहेर गेल्यावर गॅलरीत पेटवली, तर बाबा मागे येऊन उभे. म्हणाले, "एक झुरका दे रे, शेवटचा." माझ्या तोंडातली काढून मी त्यांच्या ओठांत दिली. किती दिवसांनी हसले ते.

डॉक्टरांना मी सगळं सांगतो. तुला काय सांगू, कळत नाही. आत्ता चपला चढवताना बाबा धापा टाकत मला म्हणाले, "ताईला बोलू नकोस हां. तुला रागवेल."