डाव्या अंगाचा पोचा

आबा, तुमची लाँच भंगारात निघाली त्या सकाळी मी मंचरहून पहिल्या एसटीनं डिंभ्याला गेलो. पिशवीत टेप, कागद आणि पेन्सिल. धरणाचं पाणी बरंच खाली गेलं होतं आणि लाँच गाळात डाव्या कुशीवर पडली होती. दोन माणसं गॅस कटरच्या नळ्या जोडत होती. मी आधी लाँचेला हात जोडले, मग टेप लावला. त्यातला थोरला ओरडला, "ओ पावणं, सरका, ठिणग्या उडत्यात! आन् मोजताय काय? आमी वजनावर घेतलीय, फुटावर न्हाई." मी म्हटलं, माझे वडील चालवायचे ही, मला हिची लहान प्रतिकृती करायचीय. तो थांबला. "मग आमी च्या पिऊन घेतो. पर च्या संपला की गॅस लावणार, राव." मी अक्षरशः पळत होतो. एकेक लोखंडी फासळी, पुढच्या टोकाच्या नाळेची उंची, इंजिनाची पेटी, टपाचे खांब. सुकाणूपाशी पोचतो तोच मागं निळी ज्योत सूं करून पेटली. डावं अंग गाळाखाली होतं, ते राहिलं. त्याचं मला काही वाटलं नाही. आम्ही जहाजांच्या प्रतिकृती करणारे एकाच अंगाची मापं घेतो आणि दुसरं अंग त्यावरून उलटं उतरवतो. जहाज दोन्हीकडून सारखंच असतं, असं धरूनच हे काम चालतं.

माझा हा नाद तुम्ही सुरुवातीलाच पाहिला होता. शाळेत असताना पांगाऱ्याच्या लाकडाची होडी करून मी तुमच्यापुढं धरली. तुम्ही ती हातात फिरवलीत आणि म्हणालात, "चांगली हाय. पर मानसं कुठं बसवायची हिच्यात?" मला फार राग आला. तुम्ही गेल्यावर मी शिडाची जहाजं केली, तोफांची केली. कोल्ड स्टोरेजमधली नोकरी आटोपली की संध्याकाळ त्यातच जाते. तुमची लाँच करायला मात्र हात धजत नव्हता. शेवटी देवळानंच मागितली. जुनं गाव पाण्याखाली गेल्यावर देऊळ वर टेकाडावर बांधलं, आणि रस्ता होईपर्यंत यात्रेची सगळी माणसं तुमच्याच लाँचेतून यायची. नव्या पोरांना ते ठाऊक नाही. म्हणून तुमची लाँच करून देवापुढं ठेवायची असं देवळाच्या समितीनं ठरवलं. मी पातळ पत्रा कापला, फासळ्यांवर बसवून झाळ देऊन सांधे जोडले, रंग दिला. यात्रा दोन दिवसांवर आली तेव्हा ती मी आईच्या मांडीवर ठेवली.

आईनं तिच्या डाव्या अंगावरून बोट फिरवलं. पुन्हा फिरवलं. "ही त्यांची न्हाई. हितं पोचा व्हता." मी म्हणालो, कसला पोचा? मग तिनं सांगितलं. मी तेव्हा जुन्नरला वसतिगृहात होतो. "मधी पाण्यात इंजन बंद पडलं. वारं असं सुटलेलं की लाँच आडवी व्हायला लागली. मग ह्यांनी वाऱ्याच्या रेट्यानं ती सरळ खडकावर घातली. मानसं उड्या मारून उतरली, मीबी त्यातच व्हते. साहेब लई वराडला, सरकारी लाँच चेपवली म्हून. हे गप ऐकून आले. तवापासनं मी त्याच पोच्यात पाय ठिवून चढायची."

समितीच्या अध्यक्षांना फोन केला, म्हणालो, पोचा पाडावा लागेल. ते हसलेच. "भाऊ, देव काय टेप घिऊन बसलाय व्हय? झ्याक दिसतीय म्हणं लाँच, आता तिला चेपवू नका. पालखी निघायच्या आत आणून ठिवा म्हंजी झालं." त्यांचं चुकलं नव्हतं. पत्रा पातळ, झाळ वाळक्या पानासारखी. ठोका लागला आणि सांधा उकलला तर नाळेपासून मागपर्यंत फाटत जाणार, आणि दुसरी करायला वेळ नाही. देवाची जागा रिकामी राहिली तर गावाला काय सांगू? आणि न ठोकता ठेवली, तर ही तुमची लाँच नाही हे ठाऊक असताना तिच्यापुढं उभं राहून डोळे कसे मिटू? दिवसभर मी तिला नुसती उचलत होतो आणि ठेवत होतो.

संध्याकाळी आईचं पाऊल मोजलं. ती म्हणाली, "वाहाणा घेतोस का काय मला?" त्या पावलावरून पोच्याचं माप काढलं आणि लाँचेच्या प्रमाणात आणलं, ते करंगळीच्या नखाएवढं भरलं. आज सकाळी देवपूजा केली, बाभळीच्या लाकडाचा बोथट ठोकणा घेतला आणि लाँच वाळूच्या पिशवीवर उजव्या कुशीवर निजवली. ठोका मारल्यावर कान लावून बसलो. पत्रा जरा कुरकुरला. सांधा टिकला. पालखी निघायच्या आत मी ती देवापुढं ठेवून आलो.

हे पत्र कुठं धाडायचं नाही, म्हणून एवढं लिहून ठेवतो. नाळेजवळ आणखी एक बारका पोचा आहे, तो तुमचा नाही. माझा पहिला ठोका निसटला. रंगानं झाकता आला असता. तो तसाच ठेवलाय.