चष्मे बघायला येणाऱ्या बायका

ता. ४ फेब्रुवारी

चि. ठकूस,
अ. उ. आ.

पत्र बघून दचकू नकोस, इकडे सगळं ठीक आहे. फोनवर आपण बोलायला लागलो की माझा आवाज चढतो, मग तुझा चढतो, आणि नंतर घरात कुणी धड जेवत नाही. म्हणून तुझ्या वहिनीने फर्मान काढलं आहे, की चौकाच्या विषयावर बहीणभावांनी लिहूनच भांडायचं. लिहिताना माणूस निदान श्वास तरी घेतो, असं तिचं म्हणणं.

तर आता भांडतो. काल सकाळी दुकानाचं शटर वर केलं, तर समोर चौकभर खडूच्या रेघा आणि तुझ्या नगररचना खात्याची माणसं फीत धरून वाकलेली. मला आधी कौतुकच वाटलं. शेजारच्या घड्याळवाल्याला मुद्दाम बोलावून सांगितलं की हे आमच्या ठकीचं काम. पायरीवर उभा राहून एकेक विचारत गेलो. हे बाक, हा चाकाच्या खुर्चीसाठी उतार, ही झाडं. आणि बरोबर माझ्या दारासमोर, बसथांब्याला लागून, एक मोठा चौकोन. हे काय म्हणून विचारलं, तर मुकादम म्हणाला, स्वच्छतागृह. घड्याळवाला खो खो हसला.

ठकू, अख्ख्या शहरात तुला दुसरी जागा मिळाली नाही? माणूस नवा चष्मा डोळ्यांवर चढवून पहिल्यांदा बाहेर बघतो तो माझ्या दारातून. त्याने काय बघायचं? आणि वास, डबकी, रिकामटेकड्यांचा अड्डा, हे सगळं ओघाने आलंच. त्यातून माझ्याकडे बायकांची ये-जा मोठी. या चौकात कुणाच्या दुकानात येत नाहीत इतक्या बायका माझ्याकडे येतात. फारसं काही घेत नाहीत हे खरं, पण फ्रेमा लावून बघतात, तुझ्या वहिनीशी दोन शब्द बोलतात. दुकानाची शोभा आहे ती. उद्यापासून त्या नाकाला पदर लावून पलीकडून जातील.

मी हरकत घेणार आणि सगळ्या दुकानदारांच्या सह्याही मिळवणार. तुला मागून कळायला नको म्हणून आधीच सांगतो. राग आहे तो चौकोनावर, तुझ्यावरची माया आहे तिथेच आहे.

तुझा
दादा

ता. १० फेब्रुवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र कचेरीत उघडलं आणि चहा थंड झाला. लहानपणी तू माझी पाटी फोडलीस, त्याचा सूड म्हणून मी तुझ्या दारात हे बांधतेय असं समजू नकोस. त्याचा हिशेब अजून बाकी आहे, पण तो वेगळा.

आम्ही तुझ्या चौकात कितीतरी दिवस नुसते उभे राहून बघत होतो. पुरुष बसतात, टेकतात, बिडी ओढतात, तासभर गप्पा मारतात. बायका मात्र मागे कुणी लागल्यासारख्या चौक ओलांडतात. म्हाताऱ्या बसमधून उतरल्या की थेट घर गाठतात. चाकाच्या खुर्चीतला एक शिक्षक बसगाड्यांच्या मधून वाट काढतो, कारण पदपथावर त्याला चढताच येत नाही. म्हणून आम्ही आधी खडूने खऱ्या मापाचा चौक काढतो आणि लोकांना त्यात चालायला लावतो. कागदावर सगळेच हो म्हणतात, पायाखाली आलं की खरं बोलतात. बायकांना विचारलं, काय हवं. बाक हवेत, सावली हवी, हे मोठ्याने सांगितलं. तिसरी गोष्ट प्रत्येकीने आवाज खाली आणून सांगितली. दादा, घरातून निघताना जिला आधी या एकाच गोष्टीचा विचार करावा लागतो, तिच्यासाठी आपण शहर बांधलेलंच नाही. तू म्हणशील, झालं हिचं भाषण सुरू. असू दे.

ते पुढेच हवं, थांब्याजवळ, उजेडात, माणसांच्या नजरेसमोर. तिथे दिवसभर बाई नेमलेली असेल, पाणी असेल, खुर्ची आत जाईल एवढं दार असेल, तान्ह्या मुलाचे कपडे बदलायला ओटा असेल.

सुनावणी १७ मार्चला आहे. हरकत घेणारे गृहस्थ माझे सख्खे भाऊ, हे मी साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, मग त्या खोलीत तुम्हाला बसता येणार नाही. म्हणजे तू बोलशील ते खोडायला मी तिथे नसेन. सह्या भरपूर झाल्या तर चौक होईल, बाक होतील, फक्त हा चौकोन पुसला जाईल. मला त्याचीच धास्ती आहे.

मला दूर लोटू नकोस, एवढंच मागणं.

तुझी
ठकू

ता. १५ फेब्रुवारी

प्रिय वन्सं,
स. न. वि. वि.

हे सह्या गोळा करायला बाहेर पडलेत, तेवढ्यात लिहिते. तुमच्या दादांना यातलं अक्षर कळता कामा नये.

वन्सं, आमच्या दुकानात येणाऱ्या त्या बायका चष्मे बघायला येत नाहीत. कितीतरी वर्षांपूर्वी एक पोटुशी बाई घाम पुसत आत आली, तिला मी आतल्या मोरीकडे नेलं. तिने कुणाला सांगितलं, त्या कुणाने आणखी कुणाला. आता रीतच पडून गेली आहे. बाई येते, एक फ्रेम लावते, आरशात बघते आणि हळूच मला विचारते की आत आणखी काही दाखवण्यासारखं आहे का. मी तिला आत घेऊन जाते. बाहेर आल्यावर लगेच पळणं बरं दिसत नाही, म्हणून बिचारी आणखी एखादी लावून बघते. तुमचे दादा त्यांच्यासाठी रोज सकाळी आरसा पुसून ठेवतात. मला कधी हसू येतं, कधी त्यांची कीव येते.

एक कंडक्टरबाई तर रोजची. तिची बस आमच्या चौकातून वळते. आमच्याकडची एकूण एक फ्रेम तिने लावून झाली आहे आणि डोळे तिचे ठणठणीत. मी दुकानात नसले की ती दारातूनच मागे फिरते, पुरुषमाणसाला कसं विचारायचं? हल्ली तिची कंबर दुखते, अंग कसकसतं. कामावर असताना ती पाण्याचा थेंब घेत नाही. मी रागावते, ती हसते.

ह्यांना सांगायचं धाडस मला होत नाही. त्या बायकांचा त्यांना केवढा अभिमान आहे, तुम्ही वाचलंच असेल. पण तुम्ही मागे हटू नका. तुमची वाट बघते, रविवार मोकळे जातात.

तुमची
वहिनी

ता. २२ फेब्रुवारी

ती. सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून मी एकटीच खदाखदा हसले आणि मग डोळे पुसत बसले. दादा आरसा पुसतोय, हे डोळ्यांसमोरून जात नाही.

पण बातमी चांगली नाही. दादाने सगळा चौक गोळा केलाय. साहेब म्हणतात, एक तर स्वच्छतागृह नकाशातून काढा, नाहीतर बस आगाराच्या भिंतीमागे न्या, तिथे कुणाची हरकत नाही. दादाही त्याला तयार आहे असं कळलं. मी भिंतीमागचा नकाशा काढायला घेतला आहे, वहिनी. अजिबातच नसण्यापेक्षा मागे का होईना, असलेलं बरं. आणि खरं सांगायचं तर दादाशी असं वैर धरून मला झोप लागत नाही. आईबाबांच्या मागे मला तोच आहे.

माझ्यावर नाराज होऊ नका.

तुमची
ठकू

ता. २८ फेब्रुवारी

प्रिय वन्सं,
स. न. वि. वि.

नाराज नाही, मी रागावले आहे. तुमचं पत्र आलं त्याच दिवशी दिवेलागणीला आगाराच्या भिंतीमागे जाऊन आले. म्हणजे निघाले, पण अर्ध्या वाटेतून परत फिरले. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला रिकाम्या बसची रांग, खाली ओल. दोन पुरुष उभे होते. त्यांनी काही केलं नाही, नुसतं वळून बघितलं, तेवढं मला पुरलं. तुमच्या नकाशात एक खोली वाढेल, वन्सं, पण तिच्यात बाई एकही जाणार नाही. आणि मग सगळे म्हणतील, बघा, बांधून दिलं तरी वापरत नाहीत. तुम्ही दादांना सांभाळलंत, आम्हाला नाही.

दुसरं असं, की ह्यांना सगळं कळलं. मी वर गेले होते. एक नवखी बाई आली, फ्रेम लावली आणि ह्यांनाच विचारून बसली की मालकीणबाई नाहीत का, मला आत जायचं होतं. मी खाली आले तेव्हा हे स्टुलावर बसून होते. ओरडले असते तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाले, की इतकी वर्षं घरात आणि बाजारात माझं हसं करत होतीस. मग आतल्या दाराला कुलूप घातलं आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवली. आमचं बोलणं बंद आहे.

कंडक्टरबाई कुलूप बघून गेली. गुरुवारी बसमध्येच कोसळली. लघवीचा संसर्ग मूत्रपिंडापर्यंत गेला आहे, ताप उतरत नाही. मी रुग्णालयात जाऊन आले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हे एका दिवसाचं नाही, महिनोन्‌महिने अंगावर काढलेलं आहे. तरी ते कुलूप माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

सुनावणीला मीही येणार. दुकानाच्या कागदांवर माझं नाव आहे, मला बोलता येतं. ह्यांना तोंडावर सांगितलं आहे, की तुम्ही बोललात की तुमच्या विरुद्ध मी बोलेन. या घरात आल्यापासून असं वाक्य मी पहिल्यांदा उच्चारलं.

तुमची
वहिनी

ता. ५ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

मी काल आगाराच्या भिंतीमागे एकटी चालून आले. हे मी नकाशा काढण्याआधी करायला हवं होतं. दुसऱ्यांना खडूच्या रेघांवर चालायला लावते आणि स्वतः टेबलावर बसून जागा बदलते. कारण एकच, तू माझ्याशी बोलावंस. आज तो नकाशा मागे घेतला. चौकोन पुन्हा तुझ्या दारासमोर आहे आणि माझ्या सहीने आहे. साहेबांना सांगितलं, काढायचा असेल तर सुनावणीत काढा, मी काढणार नाही.

त्या बाईच्या आजाराला तूच कारणीभूत, असं मी म्हणणार नाही. एवढ्या मोठ्या चौकात तिला तुझ्या आतल्या खोलीशिवाय जागा नसावी, हा दोष तुझा नाही, आमच्या खात्याचा आहे. पण कुलूप तू घातलंस, दादा. मला माहीत असलेला दादा असा नव्हता. मला तुझा राग आला आहे आणि तो लपवून गोड लिहिणं मला जमणार नाही.

तू बोलावलं नाहीस तरी सुनावणीनंतरच्या रविवारी मी येणार. दार लावून घेतलंस तर पायरीवर बसेन, चौकात सगळे बघतील. माझ्यावरचा लोभ आटला असेल तर तसं स्पष्ट कळव.

तुझी
ठकू

ता. १७ मार्च

चि. ठकूस,
अ. उ. आ.

आताच घरी पोचलो. तू खोलीत नव्हतीस म्हणून काय घडलं ते मीच लिहितो, दुसऱ्या कुणाकडून तिखटमीठ लावून यायला नको.

सकाळी तुझी वहिनी आणि मी निघालो. दोन बस बदलल्या, शेजारी बसलो आणि चकार शब्द नाही. मी रात्रीपासून भाषण घोकत होतो. तुमच्या कचेरीत आम्हाला बाकावर बसवून ठेवलं, आमचा नंबर दुपार उलटली तरी येईना. उकाडा मरणाचा. शिपाई सगळ्यांना पाणी देऊन गेला. मी दोन ग्लास रिचवले, हिच्या ग्लासला हात नाही. मला वाटलं, रागाने. अबोला मोडून म्हटलं, भांडण माझ्याशी आहे, पाण्याशी नाही. तर ती म्हणाली, की राग नाही, तिने मघाशीच चौकशी केली आहे. या मजल्यावरच्या बायकांच्या शौचालयाला कुलूप आहे आणि किल्ली ज्या बाईंकडे असते त्या रजेवर आहेत. म्हणून सकाळपासून ती काही प्यायलेली नाही. हे तिने अगदी साध्या आवाजात सांगितलं, तक्रार म्हणूनसुद्धा नाही.

ठकू, लग्न झाल्यापासून मी हिच्याबरोबर प्रवास करतो आहे. बस, आगगाडी, तुझ्या शिक्षणासाठी केलेल्या त्या खेपा. ती कधी पाणी पीत नाही, कधी कुठे उतरत नाही. मी चारचौघांत कौतुकाने सांगत आलो, की प्रवासात आमच्या हिचा काडीचा त्रास नाही. ती शेजारी बसून ऐकत असायची.

तेवढ्यात माझं नाव पुकारलं. घोकलेलं सगळं जिभेवर होतं. उभा राहिलो आणि म्हटलं, हरकत मागे घेतो. घड्याळवाला आ वासून बघत राहिला. त्याला वाटलं मला ऊन लागलं. तोही आपली हरकत मांडायला उठला, माझ्याकडे बघितलं आणि खाली बसला. साहेबांनी कारण विचारलं, कागदावर घालायला कारण लागतं म्हणे. मी म्हटलं, माझ्या बायकोला सकाळपासून तहान लागली आहे, तेवढंच लिहा. कारकून साहेबांकडे बघायला लागला. शेवटी त्याने काय लिहिलं कुणास ठाऊक. पुढे हरकत घ्यायला कुणीच उठलं नाही, तेव्हा चौकोन आहे तिथेच राहील, असं साहेबांनी सांगितलं.

तुझ्या वहिनीला मग बोलायचं काही उरलं नाही. जिना उतरताना तिने माझा दंड धरला. घरी येऊन आधी आत गेली आणि मग तांब्याभर पाणी उभ्यानेच प्यायली. मला ते बघवेना.

आतल्या दाराचं कुलूप काढलं. बांधून होईपर्यंत बायकांनी फ्रेमा लावल्याशिवाय सरळ आत जावं, अशी पाटी लावणार होतो, पण वहिनी म्हणते पाटी नको, त्यांना लाज वाटेल. तिला जास्त कळतं. कंडक्टरबाई घरी आली आहे, अजून उभं राहवत नाही. तिला भेटायला जायचं आहे, काय बोलायचं ते सुचत नाही.

रविवारी ये. पायरीवर बसायची धमकी मला देऊ नकोस, जेवायला ये. मात्र एक गोष्ट त्याआधी लिहून कळव, समोर विचारायला मला जमणार नाही. परत येताना बसमध्ये सारखं तेच डोक्यात होतं. त्या कचेरीत, त्याच मजल्यावर तू इतकी वर्षं नोकरी करते आहेस. सकाळी जातेस ती संध्याकाळी येतेस. ठकू, तू दिवसभर काय करतेस गं?

तुला आशीर्वाद आणि मला थोडी क्षमा, दोन्ही पुरून उरोत.

तुझा
दादा