गवताची सावली

७ ऑक्टोबर, सोमवार
ताट्या उभ्या राहिल्या! तीन बाजूंनी उंच गवत, बांबूला आवळून. डेटा सेंटरच्या लोखंडी डब्यात फोनची मशिनं रात्रंदिवस तापतात. ती गरमी बाहेर फेकणारी दोन यंत्रं डब्यामागे उन्हात धापा टाकत असतात — त्यांना आता सावली. कुणी सांगितलं नव्हतं, मीच केलं. दुसरा राखणदार चिशाला हसला. "आजोबा, मशिनला सावली? उद्या मक्याच्या उकडीचे, नशिमाचे घासही भरवाल तिला!" माझ्या गाठी सैल म्हणाला. सगळ्या त्यानंच पुन्हा आवळून दिल्या. डब्यात २२ अंश.

१० ऑक्टोबर
डब्यात २४. सोळा तास वीज नाही. जनरेटर ओरडतोय. ऊन वाढलं असेल.

१४ ऑक्टोबर, सोमवार
२६! सेंटर सांभाळणाऱ्या मुसेंगे साहेबांनी टाकीत काठी बुडवली. "आठवड्याचं डिझेल पाच दिवसांत?" माझ्याकडे बघितलं, मग चिशालाकडे. मी खाली बघितलं. डब्यामागे ते कधी जात नाहीत — बूट धुळीनं खराब होतात. जेवलो नाही.

२१ ऑक्टोबर, सोमवार
चिशालाला काढलं. रात्रपाळी त्याची, टाकीची किल्ली त्याच्याकडे, म्हणून चोर तोच. "आजोबा, तुम्ही तरी सांगा यांना." मी काय सांगणार? "मला काही माहीत नाही, साहेब." खरंच माहीत नव्हतं. त्यानं टॉर्च आणि शिट्टी टेबलावर ठेवली. माझी बायको गेली त्या वर्षी हे काम त्यानंच लावून दिलं होतं. मला काहीच वाटलं नाही. का वाटलं नाही?

२३ ऑक्टोबर
यंत्रांच्या जाळ्यांवरची धूळ झाडायला ताट्यांच्या आत शिरलो. तोंडावर भट्टी! पंखा गरम वारा फेकतो, तो गवताला आपटतो आणि यंत्र तोच परत आत ओढतं. पांघरुणात तोंड खुपसून झोपल्यासारखं — आपलाच श्वास पुन्हा पुन्हा. यंत्र दमतं, दुप्पट वीज खातं, जनरेटर डिझेल पितो. डिझेल इथं गेलं. म्हणजे मी —
बसून राहिलो.

२४ ऑक्टोबर
झांबियाचा स्वातंत्र्यदिन. सगळे मैदानावर. ताट्या सोडल्या. चिशालाच्या गाठी सुटेनात, कोयत्यानं कापल्या. गवत कुंपणाआड टाकलं. दुपारी दोन वाजता २२.

२८ ऑक्टोबर, सोमवार
टाकीत डिझेल उरलं. साहेब खूश. "बघितलंत, आजोबा? चोर गेला आणि डिझेल राहिलं! याहून पक्का पुरावा कुठला? पुढच्या सोमवारी पोलिसांत कागद देतो." मी मान हलवली. मान आपोआप हलली.

३१ ऑक्टोबर
कासामाच्या बाजारात चिशाला दिसला. कोळशाच्या गोणीशेजारी उभा. मी वळणार होतो, त्यानं हाक मारली. "आजोबा, वेळेवर जेवता ना?" आणखी काही नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

२ नोव्हेंबर
सांगितलं तर काम जाईल. कामाबरोबर ही खोली. बहात्तराव्या वर्षी मला कोण ठेवून घेईल? पाचवी शिकलेला माणूस! कुणाला यंत्रातलं काय कळतं? गप्प राहिलो तर कुणालाच कळणार नाही.
कुणालाच.

४ नोव्हेंबर, सोमवार
सकाळीच चिशालाला बोलावून घेतलं. ताट्या पुन्हा उभ्या केल्या. एकेक गाठ त्यानं आवळली. साहेबांना हाताला धरून डब्यामागे नेलं. बूट धुळीत. "हे कुणी बांधलं?" "मी. डब्यात आता २२ आहे. आकडा बघत बसा."
दुपारी दोन वाजता — २५.