जनरेटर चालू होता

तलासरी, ८ फेब्रुवारी २०२४

भिकीबाय,

धाकट्या शुक्राचा नमस्कार. वर्षा, पत्र आईला मोठ्याने वाच, मधलं काही गाळू नकोस.

आम्ही बरे आहोत. सायवनला थंडी असेल. खांदा शेकतेस ना? इथे लग्नसराई जोरात आहे. डोक्यावर एक भोंगा घेऊन गावोगाव फिरणाऱ्या तुझ्या भावाकडे आता स्पीकर-जनरेटरचे दोन टेम्पो आहेत. परवा एका मांडवात नवी धवलेरी गाणं म्हणत लग्न लावत होती. गाणं पाठ आहे तिला, पण श्वास भलतीकडेच घेते. मी वायर गुंडाळत बसलो आणि मनात तुझंच गाणं ऐकत राहिलो.

सायवनहून आलेली बुधी म्हणाली, तू लग्नं लावणं सोडलंस. लोक बोलतात म्हणे, "मोर्चात माइक हातात होता, आणि ऐनवेळी भिकी गप्प झाली."

तू गप्प झाली नव्हतीस. आपल्या पाड्यावरच्या नविनला पोलिसांनी "तुम्ही आदिवासी सगळे चोरच" म्हणत मारलं, म्हणून दिवाळीनंतर आपण हायवेवर जमलो. लाठ्या पुढे आल्या तेव्हा तू ओरडलीस, "बसा! सगळी खाली बसा!" मी टेम्पोत, तुझ्या पाठीशीच. मी ऐकलं. मागच्या हजार माणसांना ऐकूच गेलं नाही. ती माणसं उभीच राहिली, आणि पोलिसांच्या साहेबांना लाठ्या चालवायला तेवढंच पुरलं. तुझा खांदाही तेव्हाच गेला.

जनरेटर बंद पडला, असं मी तुला सांगितलं. उलट तूच माझी समजूत काढलीस, "जाऊ दे रे, यंत्र आहे."

बाय, जनरेटर चालू होता. साहेबांनी माझ्या मशीनकडे नुसतं बोट दाखवलं. "ए शुक्रा, उद्या स्पीकरचा परवाना पाहिजे ना?" मी हसलो आणि बटण फिरवून तुझा आवाज बंद केला. हसून काम काढायची सवय. सगळा धंदा त्यावरच उभा केलाय मी.

आता पोलिसांच्या कागदावर आलंय, जमावाला स्पीकरवरून तीनदा बसायला सांगितलं, तरी ऐकलं नाही. त्या दिवशी हायवेवर स्पीकर एकच होता. माझा. सोमवारी डहाणूला चौकशी आहे, तिथे मी हे सांगणार. तुझी भावजय निलम म्हणते, "मग टेम्पो विकायची तयारी ठेवा." ठेवलीय.

एप्रिलात माझ्या लेकीचं, आपल्या सुनिताचं लग्न. मांडवात एकही भोंगा लावणार नाही. तू ये, असं कोणत्या तोंडाने म्हणू? धवलेरी कोण, असं व्याही सारखे विचारतात. मी अजून दुसऱ्या कुठल्याच धवलेरीला सांगितलेलं नाही.

बटण फिरवणारा, तरी तुझाच भाऊ,
शुक्रा